तीनदा पंप

जुनी जीप दारात उभी असली की येणाऱ्या-जाणाऱ्यांचे प्रश्न ठरलेले असतात. फोर बाय फोर चालू आहे का? इंजिन मूळचं पेट्रोल, की मागून डिझेल बसवलंय? ॲव्हरेज काय देते? चढाला कशी आहे? आणि सलगी थोडी वाढली की खालच्या आवाजात, ‘द्यायची आहे का?’ यातल्या कुठल्याही प्रश्नावर जीपवाला अर्धा तास बोलू शकतो आणि बोलतोही. पण ‘थांबते का?’ असं विचारणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. विचारलंच कोणी, तर जीपवाल्याला तो अपमानच वाटेल.

जीपचं सगळं कौतुक जाण्याचं. कुठे गेली, कशातून गेली, कोणाची अडकली होती तिथून आपली कशी निघाली. थांबल्याची गोष्ट कोणी सांगत नाही, कारण थांबण्यात सांगण्यासारखं काही घडत नाही. घडलं तर मग दुसरेच लोक सांगतात.

आमच्या ओळखीतल्या एका हौशी तरुणाने त्याच्या जीपला पुढे विंच लावली आहे. चाकं बदलून कमरेएवढी केली आहेत. टपावर दिव्यांची अशी रांग बसवली आहे की रात्री समोरून येणाऱ्याने मुकाट्याने गाडी शेतात उतरवावी. इंजिन पाण्यातही श्वास घेऊ शकावं म्हणून काचेच्या कडेने हवेची नळी टपापर्यंत चढवली आहे. आजवर ती गाडी ज्या सर्वांत खोल पाण्यात उतरली ते त्यांच्या सोसायटीच्या टाकीतून वाहिलेलं होतं. एकदा मी सहज वाकून पाहिलं, तर पुढच्या चाकामागचा ब्रेकचा होज पाइप भेगा पडून पांढुरका झालेला. मी त्याला दाखवला. त्याने बघितला, ‘हां, करायचंय ते पण’ म्हणाला आणि मला विंचचा रिमोट दाखवू लागला.

त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. होज पाइप ही दाखवायची वस्तूच नव्हे. वीतभर लांब, करंगळीएवढी जाड, काळी नळी. दोन टोकांना नट. खंडेनवमीला झेंडूची माळ बॉनेटला पडते, कुंकू स्टिअरिंगला लागतं, नारळ चाकापुढे फुटतो, पाने-पकडींचीसुद्धा पूजा होते. या नळीला कधी हळदीचं बोट लागल्याचं मी पाहिलेलं नाही. लावायचं म्हटलं तर गाडीखाली झोपावं लागेल, आणि सणाच्या दिवशी धुतलेल्या कपड्यांत ते कोण करणार?

तिचं काम मात्र असं आहे की दुसऱ्या कोणाला जमत नाही. मास्टर सिलेंडरपासून निघालेली ब्रेकची लाइन पोलादी असते आणि ती चेसिसला घट्ट बांधलेली असते. चाक मात्र पाट्यांवर सारखं वरखाली होतं, आणि पुढचं चाक त्यावर डावी-उजवीकडेही वळतं. पोलादी नळी अशी रात्रंदिवस वाकवली तर लवकरच मोडेल. म्हणून बांधलेल्या आणि हलणाऱ्या भागांच्या मध्ये रबराची नळी येते: आत रबर, त्यावर दोऱ्याचं घट्ट विणकाम, वर पुन्हा रबर. पायापासून चाकापर्यंतची सगळी व्यवस्था लोखंडाची, आणि ऐन शेवटच्या वीतभर अंतरात ती रबरावर सोपवलेली.

आमची जीप खरं तर आमची नव्हे, माझ्या सासऱ्यांची. सत्तरच्या दशकातली महिंद्राची सीजे-थ्री-बी, उंच बॉनेटची. आबा करवीर तालुक्यातले ऊस उत्पादक, त्यामुळे तिने ऊस सोडून सगळं वाहिलं, आणि अडल्या वेळी ऊसही. कारखान्याच्या निवडणुकीत ती प्रचाराला फिरली, लग्नात नवरदेवाला घेऊन आली, बाळंतिणीला घेऊन रात्री कोल्हापूरला गेली. हल्ली चिखलात गाडी घालण्यासाठी लोक प्रवेश फी भरतात आणि छातीवर नंबर लावतात. आबांना ही सोय नव्हती. फडातून बाहेर यायचं म्हटलं की चिखल आपोआप मिळायचा.

आबांची ब्रेक मारण्याची एक पद्धत होती. थांबायच्या बऱ्याच आधी ते पॅडल पंप करायला घेत. पहिला दाब रिकामा जायचा, दुसऱ्याला पायाला काहीतरी लागायचं, आणि तिसऱ्याला जीप थांबण्याचा विचार करू लागायची. थोरल्या मेव्हण्याला गाडी शिकवताना आबांनी पहिला धडा हाच दिला, थोरल्याने तो धाकट्याला दिला, आणि माझ्या बायकोला दोघांनी मिळून. ‘जीपला आधी सांगून ठेवायचं असतं,’ असं आबा म्हणायचे. घरात सगळ्यांची पक्की समजूत की जीप नावाचं वाहन असंच थांबतं. रस्त्यावर माणसं आणि गाड्या बेताच्या होत्या, त्यामुळे तीन दाबांपुरती जागा सगळ्यांना मिळत गेली आणि ही रीत घराण्यात रुजली.

आणखी एक गोष्ट आबा न चुकता करायचे, पण तिचं कौतुक कधी कोणी केलं नाही: कुठलाही घाट ते दुसऱ्या गिअरमध्ये उतरायचे. माझ्या मते ते आणि त्यांचं कुटुंब इतकी वर्षं सुखरूप राहिलं ते या गिअरमुळे. श्रेय मात्र तीन पंपांना मिळालं.

आबा गेल्यावर जीप आमच्याकडे कोल्हापुरात आली. मी चालवली तेव्हा मलाही सक्त ताकीद मिळाली, ‘अहो, आधी पंप करा.’ केले. पण ब्रेक लागताना गाडी उजवीकडे ओढायची, आणि स्टेशन रोडवरून घरी येईपर्यंत उजव्या पुढच्या चाकाशी गरम वास यायचा. ड्रमवर पाण्याचे थेंब टाकले तर चर्रकन उडाले. डावीकडच्यावर ते नुसते ओघळले.

शिवाजी उद्यमनगरातले आमचे मिस्त्री जीपवालेच. उद्यमनगरची ख्याती अशी की ज्या पार्टचं नावही तुम्हाला सांगता येत नाही, त्याचा मोडका तुकडा नेऊन दाखवला तर नवा बनवून मिळतो. मिस्त्रींनी पुढचं चाक जॅकवर उचललं, मला ब्रेक दाबून सोडायला सांगितलं आणि चाकाला हात लावला. चाक हलेना. पाय तर मी केव्हाच काढला होता. मग त्यांनी चाकामागचा ब्लीडिंगचा निपल पाव आटा सैल केला. ऑइलची बारीक चिळकांडी उडाली आणि चाक गरागरा फिरायला लागलं.

‘बघा,’ मिस्त्री म्हणाले, ‘दाब आत कोंडून ऱ्हायला हुता.’

निपल बंद करून पुन्हा तोच प्रयोग, आणि या वेळी होजच्या चेसिसकडच्या टोकाचा नट सैल केला. तिथून दाब सुटला तरी चाक तसंच आवळलेलं. म्हणजे अडवणारा त्या दोन टोकांच्या मध्येच बसलेला होता.

मी वाकून नळी बघितली. काळीभोर होती, कुठे चीर नाही, ओल नाही. हौशी मित्राच्या त्या भेगाळलेल्या नळीपुढे तर ही अगदी तरणीताठी. तसं मी म्हणालोही.

‘बाहेरनं बघून काय कळतंय व्हय सायेब? आतनं सुजलंय त्ये.’

आतलं रबर वर्षानुवर्षं ऑइलमध्ये राहून फुगतं, सुटतं, आणि त्याची एक पापडी आत लोंबकळत राहते. पॅडल दाबलं की पायाचा सगळा जोर ऑइलच्या मागे असतो, ते पापडीला रेटून चाकापर्यंत जातंच. पाय काढल्यावर मात्र ते परत ढकलायला ड्रममधल्या एका स्प्रिंगशिवाय कोणी नसतं. सोयऱ्याला दिलेल्या उसन्या पैशांचं हेच होतं. जाताना मागे सगळ्या घराचा रेटा असतो, परत येताना रेटायला कोणी नसतं. मग शू ड्रमला घासत राहतात, ड्रम तापतो, गाडी त्या बाजूला ओढते आणि चालवणाऱ्याला वाटतं स्टिअरिंगचंच काहीतरी बिघडलंय.

मागच्या ॲक्सलचा होज उलट्या स्वभावाचा निघाला. मिस्त्रींनी त्याला मुठीत धरलं, मी पॅडल दाबलं. ‘फुगतोय,’ ते खालून म्हणाले. मलाही धरायला लावला. दर दाबाला तो मुठीत हलकेच जाड व्हायचा. आबांच्या पहिल्या रिकाम्या दाबाचा काही हिस्सा इथे खर्च होत होता, काही लाइनीतल्या हवेत, आणि उरलेला शू आणि ड्रम यांच्यात वाढलेल्या अंतरात. घराण्याच्या रिवाजाची अशी तीन वेगवेगळी कारणं एकाच गाडीखाली सापडली.

द्रवावर एका जागी दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो, हे पास्कलने सतराव्या शतकात सांगून ठेवलं होतं. त्यावर मोटार थांबवण्याचं धाडस अमेरिकेतल्या माल्कम लॉकहीडने केलं. विमानांसाठी नावाजलेल्या लॉकहीड बंधूंपैकी हा एक. 1917 साली त्याने हायड्रॉलिक ब्रेकचं पेटंट घेतलं आणि 1921 मध्ये ड्यूसेनबर्ग मोटारीला चारही चाकांवर ते बसले. सुरुवातीला आतले सील कच्च्या चामड्याचे असत आणि ते गळत. क्रायस्लरच्या इंजिनिअरांनी तिथे रबर आणलं, तेव्हा कुठे गाडी मार्गाला लागली. हेन्री फोर्डचा मात्र नळीतल्या पाण्यावर (त्याच्या लेखी ते पाणीच असावं) विश्वास नव्हता. पॅडलपासून चाकापर्यंत लोखंडी सळ्या आणि तारा असाव्यात, या मतावर तो 1938 पर्यंत अडून बसला. जग हायड्रॉलिक ब्रेकवर धावत होतं आणि फोर्डच्या मोटारी लोखंड ओढून थांबत होत्या. 1939 च्या मॉडेलला त्याने हार मानली, आणि पुढे महायुद्धात त्याच्याच कारखान्यांतून विलीजच्या आराखड्याच्या पावणेतीन लाखांवर जीपा बाहेर पडल्या; प्रत्येकीला ब्रेक हायड्रॉलिक.

हेन्री फोर्डच्या हट्टाला मी पूर्वी हसायचो. गाडीखाली झोपून फुगणारा होज मुठीत धरल्यावर तितकंसं हसू येत नाही. कारण त्या काळच्या जीपांचा, आणि त्यांच्याच वंशातल्या आमच्या सीजे-थ्री-बीचाही, मास्टर सिलेंडर एक आणि ऑइलची लाइनही एकच. नंतरच्या गाड्यांसारखे दोन स्वतंत्र भाग नाहीत. एक होज फुटला की त्या चाकाचाच नाही, चारही चाकांचा ब्रेक गेला. मग उरतो हँडब्रेक, आणि तोही चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागे, प्रोपेलर शाफ्टवर. आणि अर्थात आबांचा दुसरा गिअर.

‘सगळंच बदला,’ मी मिस्त्रींना म्हणालो. त्यांनी माझ्याकडे जरा नवलाने बघितलं. एरवी गिऱ्हाईक ‘जेवढं लागेल तेवढंच’ म्हणतं.

होज आणायला मात्र मी स्वतः गेलो. जुन्या जीपचे पार्ट विकणारे दुकानदार ही एक स्वतंत्र जमात आहे. त्यांना गाडीचा नंबर लागत नाही, मॉडेल लागत नाही. तुम्ही कागदात गुंडाळलेला जुना तुकडा काउंटरवर ठेवायचा आणि गप्प उभं राहायचं. ते तो उचलतात, मनगटावर ठेवून लांबी बघतात आणि पोटमाळ्याकडे तोंड करून पोराला काहीतरी ओरडतात. पोराने वरून एक पुडा टाकला. दुकानदाराने त्यावरची धूळ फुंकली आणि अभिमानाने म्हणाला, ‘हा जुना स्टॉक आहे, साहेब. असला माल आता बनत नाही.’

जीपच्या दुनियेत ‘जुना स्टॉक’ याहून मोठी स्तुती नाही. जुना गिअर, जुना शाफ्ट, जुनं मीटर, सगळं नव्यापेक्षा बरं, आणि बरेचदा ते खरंही असतं. एका वस्तूचा अपवाद: रबर. ते गाडीला लागलं काय आणि पोटमाळ्यावर पुड्यात झोपून राहिलं काय, म्हातारं होतच राहतं. त्या नळीला मी जरा वाकवलं तर वाकताना तिने कुरकुर केली. मी दुकानदाराला नवा माल मागितला, तेव्हा त्याचा चेहरा असा झाला की जणू मी हापूस सोडून बाटलीतला रस मागितला. चांगल्या होजवर तो कधी बनवला ते छापलेलं असतं, आणि आपल्याकडच्या मानकाचा आयएस 7079 हा आकडाही. त्याने शेवटी तसला काढून दिला, पण मनापासून नाही.

लांबीची भानगड वेगळीच. होज आखूड घेतला तर चाक खड्ड्यात पुरतं लोंबलं की तो ताणला जातो. लांब घेतला तर स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायरला घासतो. ज्यांनी हौसेने पाटे चढवून गाडी उंच केली त्यांना मूळ मापाचा होज पुरतच नाही, हे सहसा त्यांना खड्ड्यातच कळतं. आणि आटे! ही जीप इंचांच्या काळातली, तिचे नट सुतांत मोजायचे. नव्या गाड्यांचे होज मिलिमीटरचे. इंची नट मिलिमीटरच्या होजमध्ये जरा सैलसर जातो, दोन आटे धरल्यासारखाही वाटतो, आणि अननुभवी माणूस खूश होतो. ब्रेकच्या बाबतीत ‘धरल्यासारखं वाटतंय’ हे दोन शब्द ऐकले की उठून घरी जावं.

पुढच्या रविवारी सकाळी मिस्त्री एम-एटीवर आमच्या घरी आले. तसल्या ब्रेकची गाडी पुन्हा त्यांच्याकडे नेणार कोण आणि कशी, म्हणून हा बेत. जीप चारही बाजूंनी लाकडी ठोकळ्यांवर चढवली. जुने नट सोडवण्याबद्दल फार लिहीत नाही. गंजलेला नट, त्यावर आदल्या रात्रीपासून घातलेलं तेल, हातोडीचे हलके टोले आणि मिस्त्रींची भाषा, हे ज्याने अनुभवलंय त्याला सांगायला नको आणि ज्याने अनुभवलं नाही त्याने सुखी राहावं. तांब्याच्या वायसरची गंमत मात्र सांगायला हवी. नव्या वायसरांत एक कमी निघाला. मिस्त्रींनी जुनाच तारेत ओवून ब्लो लॅम्पवर लालबुंद केला आणि पाण्यात टाकला. लोखंड असं तापवून विझवलं तर कडक होतं, तांबं उलट मऊ होतं. मऊ वायसर नटाखाली चेपून नीट बसतो, ऑइल झिरपू देत नाही. दाबून दाबून ताठर झालेल्या माणसांवर हा उपाय चालत नाही, अशी टिप्पणी बाल्कनीतून शेजारच्या काकांनी केली. त्यांचा रोख घरात होता की सोसायटीच्या सेक्रेटरीवर, ते समजलं नाही.

नवी नळी आवळताना तिला पीळ पडू द्यायचा नाही. मिस्त्रींनी आधीच तिच्यावर खडूने एक सरळ रेघ ओढली, दोन पाने दोन टोकांना धरले आणि आवळून झाल्यावर रेघ तशीच सरळ आहे हे मला दाखवलं. मग स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवलं आणि कुठे घासत नाही ना, ते बघितलं.

उरली हवा काढायची. आणि मिस्त्रींचा पोरगा त्या दिवशी जोतिबाला गेलेला.

ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात: एक पॅडलवर, एक खाली निपलपाशी. वरच्याने पंप करायचं आणि दाबून धरायचं; खालच्याने निपल उघडायचा, बुडबुडे बाहेर पडले की बंद करायचा; मगच वरच्याने पाय सोडायचा. क्रम चुकला आणि निपल उघडा असताना पाय उठला, की बाहेरची हवा आत ओढली जाते. पॅडलवर बायको बसली. मिस्त्री गाडीखाली. मी मध्ये उकिडवा, हातात सलाईनची नळी आणि जॅमची बाटली.

आता, मिस्त्रींना माझ्या बायकोला ‘दाबा’ म्हणून ओरडायला संकोच. ते मला म्हणणार, ‘वहिनींना दाबा म्हणावं.’ मी म्हणणार, ‘दाब गं.’ ती वरून, ‘दाबलाय की!’ मी खाली वाकून, ‘दाबलाय म्हणते.’ मिस्त्री, ‘धरून ठेवा म्हणावं.’ मी, ‘धरून ठेव!’ ती, ‘धरलाय! किती वेळ?’ मी, ‘किती वेळ विचारते.’ एवढ्यात निपल उघडायचा, पॅडल खाली जायचं, आणि ती घाबरून ओरडायची, ‘अहो, गेला की खाली!’ तो जायलाच हवा असतो, हे तिला दर वेळी नव्याने सांगावं लागलं. बाल्कनीतून काकांनी विचारलं, ‘अहो, सकाळी सकाळी कोण कोणाला दाबतंय?’ त्यानंतर मिस्त्रींचा संकोच गेला आणि ते थेट बोलू लागले. काम एकदम सुरळीत झालं. मध्यस्थ गेला की बहुतेक व्यवहारांचं तसंच होतं.

शिवाय एक अनपेक्षित फायदा झाला. मिस्त्री तिला समजावू लागले, ‘वहिनी, आधी तीन डाव पंप करायचं, मग दाबून धरायचं.’ ती म्हणाली, ‘ते मला लहानपणापासून येतंय.’ आणि खरंच आलं. हवा काढण्याची रीत नेमकी हीच. आबांनी मुलांना जे शिकवलं ते रस्त्यावर चुकीचं होतं, पण ठोकळ्यांवर उभ्या गाडीत शंभर टक्के बरोबर. तिच्या पायातला ठेका इतका पक्का होता की मिस्त्री खालून म्हणाले, ‘आमच्या पोराला जरा पाठवतो तुमच्याकडं.’

सुरुवात मास्टर सिलेंडरपासून सगळ्यांत लांबच्या, म्हणजे डाव्या मागच्या चाकापासून. बाटलीत आधी काकवीच्या रंगाचं ऑइल आलं, मग बुडबुडे, मग पुन्हा ऑइल, मग तुरळक बुडबुडे, आणि शेवटी नळीत नितळ पिवळसर धार. मधूनमधून मी पायाखालची पत्र्याची झाकणी उघडून मास्टर सिलेंडरमध्ये ऑइल भरत होतो. या जीपचा मास्टर सिलेंडर फरशीखाली लपलेला असतो आणि झाकणी उघडताना आबांच्या काळापासूनची माती आत पडू नये म्हणून आधी ती कपड्याने पुसावी लागते. मिस्त्रींनी शेजारी पाण्याची बादली ठेवायला लावली होती. ब्रेक ऑइल रंगाला खातं, थेंब सांडला की लगेच पाणी. तेच ऑइल हवेतली ओलही पितं. म्हणून वर्षानुवर्षं न बदललेल्या ऑइलमध्ये पाणी मुरत जातं आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो: डॉट-फोर ताजं असताना किमान 230 अंशांना उकळतं, ओल प्यायल्यावर 155 पर्यंत येऊ शकतं. उकळलं की वाफ, वाफ दाबली जाते, आणि पॅडल तळाला जातं. गगनबावड्यासारख्या पाऊसमाऱ्याच्या रस्त्यावर फिरलेल्या जीपमध्ये ती काकवी किती ओली असेल, ते न बोललेलं बरं.

दुपारी पुण्याहून आलेल्या भाच्याला मी सांगितलं, जीपचं मोठं काम केलं. तो फोन काढून चारी बाजूंनी फिरला. ‘काय बदललं?’ ‘ब्रेकचे होज.’ त्याने पुन्हा एक फेरी मारली. ‘मग फोटो कशाचा काढू?’ मी त्याला चाकामागे वाकायला सांगितलं. त्याने जीन्सकडे बघितलं, जमिनीकडे बघितलं आणि म्हणाला, ‘मामा, एक विंच तरी लावा ना.’

पहिली मोठी फेरी करूळ घाटाची ठरली. कोल्हापूरहून गगनबावडा, तिथून उतरून वैभववाडी. घाट उतरताना ब्रेकला काय सोसावं लागतं याचा मी आदल्या रात्री कागदावर हिशेब केला. जीप एक टनाची आणि उतार चारशे मीटरचा धरला, तर ती सगळी ऊर्जा उष्णता होऊन बारा लिटर पाणी उकळेल. शंभराहून जास्त कप चहा. दुसऱ्या गिअरमध्ये उतरलं तर यातले बरेच कप इंजिन करतं, नाही तर सगळा चहा चार ड्रमांवर. हिशेब बायकोला दाखवला. ती म्हणाली, ‘आबांना हे माहीत होतं की नाही कोण जाणे, पण ते दुसऱ्यातच उतरायचे.’ तेवढ्यात सासूबाई मागच्या बाकावर येऊन बसल्या. आबांच्या जीपमधून घाट बघायचा, तर मी येणारच, असं म्हणून.

गाडी बायकोच चालवत होती. कळ्याच्या अलीकडे गतिरोधक आला आणि तिने सवयीने लांबूनच पहिला पंप मारला. जीप जागच्या जागी उभी राहिली. थर्मास घरंगळत पुढे आला, सासूबाईंनी पुढच्या सीटची दांडी धरली, मागून येणाऱ्या वडापवाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही.

‘काय गं हे!’ सासूबाई म्हणाल्या. ‘आबा असं कधी थांबवायचे नाहीत.’

‘ब्रेक नवीन केलाय, आई.’

‘नवीन कसला? बिघडवून आणलाय. पहिला किती मऊ होता!’

मी मागे वळून होज, पापडी, फुगणारं रबर, सगळं समजावून सांगू लागलो. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, त्या मिस्त्रीला बोलवा आणि पहिल्यासारखा करून घ्या. त्यांच्या मते चाळीस वर्षं जी गाडी तीन दाबांत गुमान थांबत होती, तिच्यात लुडबुड करायचं काही कारण नव्हतं. गगनबावड्याला चहा झाला, घाट सुरू झाला, हिने दुसरा गिअर टाकला. आणि वैभववाडीला पोचेपर्यंत प्रत्येक वळणाच्या आधी मागून आवाज येत राहिला, ‘पंप कर गं, पंप कर,’ आणि ही ब्रेक न लागेल इतक्या हलक्या पायाने करत राहिली.